विश्लेषण : घरात बाळ येणार, मग छोट्या कुत्र्याचे काय? तयारी पाचव्या महिन्यापासूनच का हवी?

डोहाळजेवणाची तारीख ठरते, पाळणा कोणाकडून आणायचा हे ठरते, मालिशवाली बाईही ठरते. त्याच बैठकीत घरातील एखादी ज्येष्ठ व्यक्ती सोफ्यावर लोळणाऱ्या पॉमेरेनियनकडे किंवा पगकडे बोट दाखवून विचारते, ‘आता याचे काय करायचे?’ बहुतेक घरांत या प्रश्नाला दोनच उत्तरे मिळतात. ‘देऊन टाका कोणाला तरी’ हे एक आणि ‘काही होत नाही, एवढेसे तर आहे’ हे दुसरे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. पहिल्यात कुत्रा घर गमावतो, दुसऱ्यात बाळाचा जीव धोक्यात येऊ शकतो. या दोन्हींच्या मधला रस्ता आहे, पण त्यासाठी तीन-चार महिने लागतात आणि ते बाळ येण्याआधीचे असावे लागतात.

छोट्या कुत्र्याबाबत वेगळा विचार का?

मोठ्या कुत्र्याच्या बाबतीत घरातले आपोआप सावध असतात. लॅब्रॅडॉरने अंगावर उडी मारली तर त्याला लगेच दटावले जाते. तीच उडी तीन किलोच्या कुत्र्याने मारली तर सगळे हसतात. मोठा कुत्रा ताटाजवळ गुरगुरला तर प्रशिक्षकाचा नंबर शोधला जातो. शिह त्झू गुरगुरला तर त्याची रील निघते. परिणामी अनेक छोटे कुत्रे ‘बस’, ‘खाली’, ‘सोड’ एवढ्या तीन आज्ञाही न शिकता मोठे होतात. त्यांचा मुक्काम मांडीवर, सोफ्यावर आणि रात्री पलंगावर असतो. म्हणजे नेमका तिथे, जिथे उद्या बाळ असणार आहे.

आकडे पाहिले तर ‘एवढेसे’ हा शब्दही फसवा ठरतो. आपल्याकडे नवजात बाळाचे वजन साधारण अडीच ते तीन किलो असते. पॉमेरेनियनचे वजनही जवळपास तेवढेच, शिह त्झू आणि पगचे त्याच्या दुप्पट किंवा अधिक. (आपल्याकडे पॉमेरेनियन म्हणून ओळखला जाणारा पांढरा कुत्रा बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो आणि तो आणखी मोठा असतो. ‘हम आपके है कौन’मधला टफी याच जातीचा. त्या चित्रपटातल्या घरातही बाळ येते, पण टफीची कोणी तयारी करून घेतल्याचे दिसत नाही. क्रिकेटच्या पंचगिरीतून त्याला वेळ मिळाला नसावा.)

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये वेगवेगळ्या जातींच्या कुत्र्यांच्या आक्रमकतेची तुलना प्रसिद्ध केली होती. मालकांनी दिलेल्या माहितीवर आधारित या अभ्यासात चिवावा आणि डॅशहंड या छोट्या जाती सरासरीपेक्षा अधिक आक्रमक आढळल्या. याचा अर्थ प्रत्येक छोटा कुत्रा चावरा असतो असा नाही. स्वभाव कुत्र्यागणिक बदलतो. पण छोटा म्हणजे निरुपद्रवी, हे गृहीतक त्यातून नक्कीच मोडते. २००० मध्ये लॉस एंजलिस परिसरात एका पॉमेरेनियनच्या हल्ल्यात सहा आठवड्यांच्या बाळाचा मृत्यू झाला होता. बाळ आणि कुत्रा पलंगावर होते आणि सांभाळणारे काका दुधाची बाटली तयार करायला स्वयंपाकघरात गेले होते. अशा घटना अत्यंत दुर्मीळ आहेत. मात्र बाटली तयार करायला जितका वेळ लागतो, तितका वेळ पुरतो.

मोबाइलवर मिळणारा सल्ला आपल्याकडे अपुरा का पडतो?

‘कुत्रा आणि नवे बाळ’ असे शोधले की बहुतेक ठिकाणी एकच युक्ती सापडते. आई रुग्णालयात असताना बाळाचे कापड घरी आणा, कुत्र्याला हुंगू द्या, तीन दिवसांनी बाळ घरी आले की ओळख करून द्या. सल्ला चुकीचा नाही, पण तो अशा घरांसाठी लिहिलेला आहे जिथे आई दोन-तीन दिवसांत त्याच घरी परतते.

मराठी घरांत पहिले बाळंतपण आजही बऱ्याचदा माहेरी होते. सून सातव्या-आठव्या महिन्यात जाते आणि बाळ दोन-तीन महिन्यांचे झाल्यावर परतते. म्हणजे कुत्र्याच्या हिशेबात त्याचे सर्वात जवळचे माणूस चार-पाच महिने गायब होते. का गेले, येणार की नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. घरात उरतो तो बहुतेकदा कामावर जाणारा नवरा. फिरण्याच्या वेळा बिघडतात, जेवणाची वेळ सरकते. मग एके दिवशी ते माणूस परत येते, कुत्रा आनंदाने वेडा होऊन अंगावर झेपावतो आणि नेमके त्याच क्षणी तिच्या हातात बाळ असते. सगळे जण एकदम ओरडतात. ओळखीची सुरुवात अशी होणे दोघांच्याही दृष्टीने वाईट.

याची उलट बाजूही आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. लेक बाळंतपणासाठी ज्या घरी येते, तिथे तिच्या कॉलेजच्या दिवसांत आणलेला कुत्रा असतो. तो आता दहा-बारा वर्षांचा झालेला असतो. सांधे दुखतात, ऐकू कमी येते, डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागलेला असतो. ‘आमचा म्हातारा गरीब आहे, त्याने आजवर कोणाला काही केले नाही,’ असे आजी-आजोबा सांगतात आणि ते खरेही असते. पण दुखणाऱ्या पाठीवर अचानक हात पडला किंवा झोपेत कोणी धक्का दिला तर गरीब कुत्राही दात लावतो. म्हणून माहेरी वयस्कर कुत्रा असेल तर लेक येण्याआधीच पशुवैद्यकाकडून त्याचे सांधे, दात आणि डोळे तपासून घ्यावेत. दुखण्यावर औषध मिळाले की अर्धा चिडचिडेपणा तिथेच संपतो.

पाचव्या महिन्यापासून नेमके काय बदलायचे?

कुत्रा घटनांचा संबंध वेळेवरून लावतो. ज्या आठवड्यात बाळ आले त्याच आठवड्यात पलंग बंद झाला, फिरणे कमी झाले, बेडरूमचे दार लागले आणि मांडी हिरावली गेली, तर हे सगळे त्या नव्या रडणाऱ्या प्राण्यामुळे झाले, असेच त्याच्या अनुभवात नोंदले जाते. हेच बदल चार महिने आधी, एकेक करून झाले तर बाळावर त्याचे खापर फुटत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दहा बदल एकाच रात्री सोडले की बिघाड कशामुळे झाला हे कोणालाच सांगता येत नाही. इथेही तसेच आहे.

सुरुवात झोपण्याच्या जागेपासून करावी, कारण ती सवय मोडायला सर्वाधिक वेळ लागतो. पलंगावर झोपणाऱ्या कुत्र्याला आधी पलंगाशेजारी गादी, मग काही दिवसांनी ती गादी दाराजवळ, मग बाहेरच्या खोलीत. प्रत्येक टप्प्याला आठवडाभर तरी द्यावा. सोफ्यावर आणि मांडीवर यायचे ते बोलावल्यावरच, हा दुसरा नियम. मांडीवर बसलेल्या कुत्र्याला ‘खाली’ म्हटल्यावर उतरता आले पाहिजे आणि उतरल्याबद्दल त्याला खाऊ मिळाला पाहिजे. सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटावर तीन किलोची उडी काय करते, याची कल्पना केली तरी या नियमाचे महत्त्व कळते.

परदेशी व्हिडीओंमध्ये ‘कुत्र्याला त्याची स्वतंत्र खोली द्या’ असे सांगतात. मुंबई-ठाण्यातील वन बीएचकेमध्ये माणसांनाच स्वतंत्र खोली नसते. इथे कोपरा पुरतो. जेवणाच्या टेबलाखाली किंवा कपाटाच्या बाजूला त्याची गादी, पाणी आणि चघळायची वस्तू असावी. घरातल्या कोणीही, पाहुण्यांच्या मुलांनीही, त्या जागी त्याला हात लावायचा नाही. बेडरूमच्या दारात लावायचे जाळीचे छोटे फाटक आणले तर दार बंद न करता दोघांना वेगळे ठेवता येते आणि कुत्र्याला आत काय चालले आहे तेही दिसते. बाल्कनीत साखळीने बांधणे किंवा बाथरूममध्ये कोंडणे हा पर्याय नाही. त्याने कुत्रा शांत होत नाही, बाळाचा आवाज आला की आपली रवानगी होते एवढे मात्र शिकतो.

जेवण आणि फिरण्याची जबाबदारी आई माहेरी जाण्याच्या किमान महिनाभर आधी ज्याच्याकडे जाणार आहे त्याच्याकडे द्यावी. आणि एक चूक टाळावी, जी प्रेमापोटी होते. ‘नंतर याला वेळ देता येणार नाही’ म्हणून शेवटच्या महिन्यांत कुत्र्याचे जास्त लाड केले जातात. त्यामुळे नंतरची दरी आणखी मोठी होते. लाड करायचेच असतील तर बाळ आल्यावरही जमतील तेवढेच आत्ता करावेत.

रडण्याच्या आवाजाची सवय कशी लावायची?

माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपासचे. बाळाचे रडणे त्याला वेगळ्याच तीव्रतेने जाणवते. काही कुत्रे पळून पलंगाखाली जातात, काही पाळण्याकडे धावतात, काही स्वतःच रडू लागतात.

बाळाच्या रडण्याचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर सहज मिळते. ते अगदी हळू आवाजात, जेमतेम ऐकू येईल असे लावावे आणि लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्यावा. क्रम महत्त्वाचा आहे, आधी आवाज, मग खाऊ. पाव्हलॉव्हच्या प्रयोगात घंटा आधी वाजत होती, अन्न नंतर येत होते. उलट केले की शिकणे होत नाही. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे. कुत्रा आवाज आल्यावर अस्वस्थ न होता माणसाकडे पाहू लागला की आवाज किंचित वाढवावा. घाबरला तर मागच्या पातळीवर यावे. पहिल्याच दिवशी ब्लूटूथ स्पीकरवर मोठ्याने रडणे लावणाऱ्यांचा कुत्रा घाबरायला शिकतो, सवय लागत नाही.

बारसे, मालिश, धुरी आणि डिंकाचे लाडू

बाळंतिणीच्या घराची स्वतःची एक व्यवस्था असते आणि ती कुत्र्यांच्या पुस्तकांत नसते. रोज सकाळी एक अनोळखी बाई येते, बाळाला पायांवर घेते, तेल लावते आणि बाळ जोरात रडते. कुत्र्याच्या नजरेने पाहिले तर हा प्रकार संशयास्पद आहे. त्यावर तो भुंकला तर त्याला दोष देता येत नाही. सोपा उपाय म्हणजे मालिशवाल्या बाईंची वेळ हीच त्याच्या फिरण्याची वेळ ठरवावी. आजोबांनाही तेवढाच व्यायाम.

शेक-शेगडी आणि ओवा-वावडिंगाची धुरी अजूनही अनेक घरांत होते. बंद खोलीतला धूर बाळाच्या फुप्फुसांसाठी चांगला नाही, हे बालरोगतज्ज्ञ सांगतातच. चपट्या नाकाच्या पग आणि शिह त्झूला तर एरवीही श्वास घ्यायला त्रास होतो. धुरी टाळली तर दोघांचेही भले होईल.

बाळंतिणीसाठी केलेल्या लाडवांमध्ये अनेक ठिकाणी मनुका किंवा बेदाणे घालतात. द्राक्षे आणि मनुका कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात आणि छोट्या कुत्र्याला थोड्या प्रमाणातही धोका असतो. बाळगुटीतले जायफळही कुत्र्याच्या तोंडी लागता कामा नये. डबे उंचावर ठेवावेत आणि ‘बिचारा बघतोय, दे एक घास’ म्हणणाऱ्या मावशी-आत्यांना हे आधीच सांगून ठेवावे. मळलेल्या लंगोटांचेही तसेच. त्यांचा वास कुत्र्याला ओढून घेतो. झाकणाची बादली घेतली की हा प्रश्न मिटतो.

बारशाला कुत्र्याला घरात मोकळे ठेवू नये. तीस-चाळीस माणसे, सतत उघडणारे दार, खाली सांडलेले पेढे आणि त्याला उचलून घेण्यासाठी भांडणारी लहान मुले, एवढे सहन करण्याची अपेक्षा त्याच्याकडून करणे गैर आहे. त्या दिवशी शेजारी, मित्र किंवा ओळखीचे बोर्डिंग बघावे.

माहेर वेगळ्या गावात असेल तर बाबांच्या शनिवार-रविवारच्या फेऱ्यांमध्ये बाळाचे वापरलेले दुपटे घरी येऊ शकते. ते कुत्र्याला दुरून हुंगू द्यावे, खाऊ द्यावा आणि उचलून ठेवावे. त्याच्या गादीत टाकू नये. आई परत येईल त्या दिवशी कुत्र्याला आधी लांबवर फिरवून आणावे. आईने एकटीने आत यावे, बाळ बाहेर कोणाकडे तरी असावे. पाच महिन्यांचे स्वागत पूर्ण होऊ द्यावे. तो शांत झाल्यावर, पट्टा लावून, दोन-तीन हातांच्या अंतरावरून बाळ दाखवावे. त्याने पाहिले आणि मान वळवली तर ते उत्तम लक्षण आहे. तोंडाजवळ नेऊन ‘पापी घे’ म्हणण्याची काही गरज नाही.

त्यानंतर बहुतेक घरे एक गोष्ट उलटी करतात. बाळ जागे असते तेव्हा कुत्र्याला ‘जा तिकडे’ आणि बाळ झोपले की त्याला जवळ घेऊन गोंजारणे. कुत्रा त्यातून हेच शिकतो की बाळ नसते तेव्हा दिवस चांगला जातो. बाळ समोर असताना त्याच्या जागेवर बसल्याबद्दल खाऊ, कौतुक आणि लक्ष मिळाले पाहिजे. बाळ दूध पिते तेव्हा चघळायची आवडती वस्तू मिळते, एवढा एकच नियम पाळला तरी महिनाभरात फरक दिसतो.

गुरगुरला तर मारायचे का?

नाही. गुरगुरणे ही धमकी वाटते, प्रत्यक्षात ती सूचना असते. ब्रिटिश पशुवैद्यक केंडल शेफर्ड यांनी कुत्र्याच्या अस्वस्थतेचे टप्पे शिडीच्या रूपात मांडले आहेत. खालच्या पायऱ्यांवर जांभई, ओठ चाटणे, नजर आणि मान वळवणे. मग दूर जाणे, अंग चोरणे. त्यानंतर ताठरणे, गुरगुरणे, हवेत तोंड मारणे आणि सर्वात वर चावा. गुरगुरल्याबद्दल मार बसला तर कुत्रा ती पायरी गाळायला शिकतो. अस्वस्थता तशीच राहते आणि ‘न सांगता चावला’ अशी तक्रार येते.

समाजमाध्यमांवर बाळ कुत्र्याला मिठी मारते अशा रील्सना लाखो लाइक्स मिळतात. पुढच्या वेळी त्या पाहताना बाळाऐवजी कुत्र्याकडे पाहावे. डोळ्यांचा पांढरा भाग, मागे गेलेले कान, बंद तोंड आणि वळवलेली मान बऱ्याचदा दिसते. तो सहन करत असतो. चित्रीकरण करणाऱ्या व्यक्तीचा एक हात त्या वेळी मोबाइलमध्ये अडकलेला असतो, ही आणखी वेगळी अडचण.

आजारांची भीती कितपत खरी?

काही भीती खरी, काही ऐकीव. गर्भवतीला टॉक्सोप्लाझ्मा होईल म्हणून कुत्रा घालवण्याचा सल्ला दिला जातो. हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो. कुत्रा त्याचा तसा वाहक नाही. कुत्र्याच्या केसांमुळे दमा होतो, असेही सरसकट म्हणता येत नाही. स्वीडनमधील मुलांच्या मोठ्या पाहणीत, जन्माच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांमध्ये शाळकरी वयात दम्याचे प्रमाण १३ टक्क्यांनी कमी आढळले. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कुत्र्यामुळेच दमा कमी झाला असे त्यातून सिद्ध होत नाही, पण कुत्रा म्हणजे दमा हे समीकरणही टिकत नाही. आई-वडिलांना मुळातच ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी बोलावे.

रेबीजची भीती मात्र पूर्ण खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. घराबाहेर न जाणाऱ्या कुत्र्यालाही दरवर्षी लस द्यावी. जंतांचे औषध, गोचीड-पिसवांचा बंदोबस्त आणि नखे कापणे हे बाळ येण्याआधी उरकून घ्यावे. बाळाचे तोंड, डोळे आणि नाळेची न वाळलेली जागा कुत्र्याला चाटू देऊ नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि कुत्रा घरचा असला, लस दिलेली असली तरी लगेच डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना किंवा मिरची लावण्यात वेळ घालवू नये.

कुत्रा दुसऱ्या घरी देणे चूक आहे का?

प्रत्येक वेळी नाही आणि हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. ज्या कुत्र्याने आधी कोणाला गंभीर चावा घेतला आहे, जो अन्नावरून किंवा जागेवरून घरच्यांनाही जवळ येऊ देत नाही, किंवा ज्या घरात त्याच्यावर लक्ष ठेवायला बाळंतिणीशिवाय दुसरे प्रौढ माणूसच नाही, तिथे त्याला दुसरे घर शोधणे शहाणपणाचे ठरू शकते. मात्र हा निर्णय सहाव्या महिन्यात, शांतपणे घ्यायचा असतो. नातेवाईक किंवा ओळखीतले घर, आधी दोन-तीन भेटी, मग लसीकरणाचे कार्ड, त्याची गादी आणि सवयींची माहिती यांसह सोपवणे, याला वेळ लागतो. बाळ घरी आल्यावर दहाव्या दिवशी रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अर्जंट, मोफत, पग’ असा संदेश टाकला तर मिळेल त्याच्या हाती कुत्रा जातो.

रस्त्यावर सोडणे हा तर गुन्हाच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा, कलम ११ नुसार, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे गुन्हा ठरवतो. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. दोन वडापावच्या किमतीत गुन्हा मिटत असेल तर त्याचा धाक कोणाला वाटणार? घरात एसीखाली वाढलेला पग किंवा शिह त्झू उन्हाळ्यात रस्त्यावर किती दिवस काढेल, हे वेगळे सांगायला नको.

बाळ रांगू लागले की काय?

तयारीची खरी परीक्षा पहिल्या दिवशी नसते, ती सात-आठ महिन्यांनी येते. तोवर घरात सगळे सुरळीत चाललेले असते, फाटक माळ्यावर गेलेले असते, सगळे निर्धास्त झालेले असतात. आणि एक दिवस तेच बाळ स्वतःहून कुत्र्याकडे निघते. आतापर्यंत जे एका जागी पडून होते, ते आता पाठलाग करते, शेपूट ओढते, कान पकडते, त्याच्या वाटीत हात घालते. आपल्याकडे बाळ दिवसभर जमिनीवर गोधडीवर असते, त्यामुळे दोघांची तोंडे एकाच उंचीवर येतात.

या टप्प्यासाठी फाटक पुन्हा खाली काढावे लागते. कुत्र्याचे जेवण बाळ दुसऱ्या खोलीत असताना द्यावे आणि वाटी लगेच उचलावी. त्याची गादी बाळाच्या वाटेतून हलवावी आणि त्याला पळून जायला एक तरी रस्ता मोकळा ठेवावा; कोपऱ्यात सापडलेल्या कुत्र्याकडे चावण्याशिवाय फारसे काही उरत नाही. दोघे एका खोलीत असतील तर जागे आणि मोबाइल बाजूला ठेवलेले एक मोठे माणूस तिथे असलेच पाहिजे. दारात कुरिअरवाला आला तर आधी बाळाला कडेवर घ्यायचे, मग दार उघडायचे.